चौकट, फट आणि पाक : मधपेटीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

मधमाशीपालनाचा इतिहास सामान्यतः पेटीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी कोणत्या साली कोणती सुधारणा केली, याची जंत्री त्यात असते. मधमाश्यांना द्यावयाच्या आहाराचा विचार मात्र व्यवहाराच्या पुस्तिकांवर सोपवला जातो. वस्तुतः पेटी आणि आहार हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. माशीच्या साठ्यातून माणसाने किती घ्यावे आणि तिच्यासाठी किती ठेवावे, या एकाच प्रश्नाची ती दोन अंगे आहेत. हा प्रश्न सुधारलेल्या पेटीनेच उपस्थित केला आणि आपल्याकडील सातेरी माशीने तो अधिक कठोरपणे पुढे मांडला, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हलत्या चौकटींची पेटी प्रचारात येण्यापूर्वी युरोपातील शेतकरी गवताच्या वेण्यांच्या टोपल्यांत मधमाश्या पाळत. टोपलीच्या छताला पोळी चिकटलेली असल्यामुळे ती कापल्यावाचून मध हाती येत नसे. शरद ऋतूत टोपल्या उचलून त्यांच्या वजनाचा अंदाज घेतला जाई. सर्वांत जड टोपल्यांत मध भरपूर म्हणून, आणि सर्वांत हलक्या टोपल्यांतील वसाहती हिवाळ्यात तगणार नाहीत म्हणून, अशा दोन्ही प्रकारच्या टोपल्या गंधकाच्या धुरीवर धरून आतील माश्या मारल्या जात. मध्यम वजनाच्या तेवढ्या पुढील वर्षासाठी राखल्या जात. आपल्याकडे मोहोळ झाडण्याची जुनी रीतही परिणामी याहून फारशी वेगळी नव्हती. धूर करून माश्या हुसकावयाच्या, पोळे कापावयाचे आणि पिल्ले व पराग यांच्यासकट ते पिळून मध काढावयाचा, असा तो प्रकार होता. जी वसाहत उरावयाचीच नाही तिला खाऊ घालण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. त्यामुळे आहाराचा विचार या पद्धतीत गौणच राहिला.

माशीला न मारता पोळ्याच्या आत पाहण्याची पहिली महत्त्वाची सोय जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने केली. तरुणपणीच दृष्टी गमावलेल्या या संशोधकाने आपला सेवक बर्नेन्स याच्या डोळ्यांनी निरीक्षणे केली आणि ती १७९२ साली प्रसिद्ध केली. त्याची पेटी पुस्तकाच्या पानांप्रमाणे उलगडत असे. तिचा उपयोग मध काढण्यापेक्षा अभ्यासासाठी अधिक झाला. तथापि ह्यूबरचा एक प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. कोंडून ठेवलेल्या माश्यांना परागाविना केवळ मध किंवा साखर दिली असताही त्या मेण निर्माण करून पोळी बांधतात, हे त्याने सिद्ध केले. मेण परागापासून होते हा समज त्यामुळे निराधार ठरला. साखरेच्या पाकावर वसाहत पोसता येते आणि बांधकामासही लावता येते, या पुढील काळातील व्यवहाराला या प्रयोगाने शास्त्रीय आधार दिला.

यानंतर पोलिश धर्मोपदेशक यान झिएर्झोन याने आडव्या पट्ट्यांवर पोळी बांधवून घेण्याची रीत बसवली. पण पोळ्याच्या कडा पेटीच्या भिंतींना चिकटत असल्यामुळे सुरी चालवावीच लागे. ही अडचण १८५१ साली अमेरिकेतील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ याने दूर केली. सुमारे ६ ते ९ मिलिमीटरांची मोकळी जागा मधमाश्या ये-जा करण्यासाठी तशीच ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या राळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवितात आणि त्याहून रुंद जागेत पोळे बांधतात. या निरीक्षणावरून त्याने चौकटीच्या सर्व बाजूंना नेमके तेवढेच अंतर सोडले. १८५२ साली त्यास या पेटीचे एकस्व मिळाले व १८५३ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १८५७ साली जर्मनीतील योहानेस मेह्रिंग याने षट्कोनी ठसे असलेला मेणाचा पत्रा तयार केला आणि १८६५ साली फ्रान्झ फॉन ऱ्हुश्का याने पोळी न मोडता गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र लोकांपुढे मांडले. १८७० नंतरच्या दशकात भाता जोडलेले धुराचे यंत्र रूढ झाले आणि आधुनिक मधपाळाच्या साहित्याचा संच जवळजवळ पूर्ण झाला.

या साहित्याने घडवून आणलेला बदल केवळ सोयीचा नव्हता. आता पोळे रिकामे करून जसेच्या तसे परत देता येऊ लागले. पण जी चौकट सहज बाहेर निघते तिच्यातील शेवटचा थेंबही सहज काढता येतो. टोपलीच्या पद्धतीत वसाहत एकदाच मरत असे. नव्या पेटीत ती उपासमारीने हळूहळू मरू शकत होती. यास्तव पेटीचे दोन भाग पाडण्यास महत्त्व आले. खालची कोठी पिल्लांची व वसाहतीच्या स्वतःच्या साठ्याची, वरची कोठी माणसाची. राणीने वर जाऊन अंडी घालू नयेत म्हणून मध्ये जाळी आली. खालच्या कोठीतील मध काढू नये हा नियम, आणि तरीही साठा अपुरा पडल्यास पाक द्यावा हा त्याचा पूरक नियम, येथूनच रूढ झाला. पाकाचे भांडे हे म्हणूनच पेटीचे एक अंग मानले पाहिजे.

भारतात ही पेटी आली तेव्हा मापाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. डग्लस यांनी १८८४ साली भारतासाठी मधमाशीपालनाची पुस्तिका लिहिली. पण पाश्चात्त्य माशीच्या मापाची पेटी येथील सातेरीला मानवणारी नव्हती. सातेरीची वसाहत लहान. मोठ्या पोकळीची राखण व ऊब तिला झेपत नाही. तिच्या पोळ्यातील घराची रुंदी साडेचार मिलिमीटरांच्या आसपास, तर पाश्चात्त्य माशीसाठी ठसवलेल्या मेणपत्र्यावरील घर पाच मिलिमीटरांहून रुंद. त्यामुळे परदेशी पत्राही निरुपयोगी. ख्रिस्ती धर्मोपदेशक फादर न्यूटन यांनी तिरुचिरापल्ली येथे या माशीसाठी लहान पेटी बसवली आणि १९११ ते १९१७ या काळात दक्षिणेतील ग्रामस्थांना तिचे शिक्षण दिले. तिची पिल्लांची चौकट आतून सुमारे २० सेंटीमीटर लांब व १४ सेंटीमीटर उंच असे. मुंग्यांपासून रक्षणासाठी तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची येथील रीतही पेटीइतकीच आवश्यक ठरली.

तथापि सातेरीचा खरा विशेष तिच्या आकारात नसून स्वभावात आहे. अन्न संपत आले, मेणकिड्याचा उपद्रव वाढला किंवा वारंवार छेडछाड झाली, की ती पेटी सोडून निघून जाते. महाबळेश्वरच्या डोंगरावर या स्वभावाची कसोटी दरवर्षी लागते. तेथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि दिवसचे दिवस माशीला बाहेर पडता येत नाही. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा मधाची लयलूट होते हे खरे. परंतु पेटीतील वसाहत टिकते की नाही हे फुलोऱ्याच्या वर्षी ठरत नाही. ते आषाढ-श्रावणातील रिकाम्या दिवसांत ठरते. उन्हाळ्यात खालच्या कोठीलाही हात घालणाऱ्या मधपाळाची पेटी भाद्रपदात ओस पडलेली आढळावी, यात नवल नाही.

पाक देण्याच्या रूढ नियमांमागे म्हणूनच निश्चित कारणे आहेत. पाणी उकळून उतरवावे व तितक्याच वजनाची पांढरी साखर त्यात विरघळवावी. करपलेला पाक किंवा गुळाचे पाणी देऊ नये, कारण त्यातील न पचणाऱ्या अंशाने माश्यांना हगवण लागते. पाक गार झाल्यावर सायंकाळी, पेटीच्या आतच ठेवावा, कारण दिवसा त्याच्या वासाने इतर पेट्यांतील माश्या लुटीस प्रवृत्त होतात. दार अरुंद करावे, थेंब बाहेर सांडू देऊ नये आणि स्थळावरील सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. भांड्यात काड्या तरंगत ठेवाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. रात्रीतून संपेल इतकाच पाक घालावा, कारण उरलेला आंबतो. माश्यांनी सोडून दिलेली जुनी पोळी काढून टाकावीत, कारण मेणकिडा तेथेच वाढतो. आणि मधाची कोठी चढविल्यावर पाक मुळीच देऊ नये. तो मधात उतरतो आणि विकणाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न निर्माण होतो.

पाकाची मर्यादाही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. साखरेने माशी जगते व मेण करते, पण पिल्ले वाढण्यास परागच लागतो. रोगावर तर पाकाचा इलाज नाही. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात पिल्लांच्या विषाणुजन्य रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. उत्तम पेटी किंवा वेळेवर दिलेला आहार त्यांना वाचवू शकला नाही. दरम्यान, १९६२ च्या सुमारास नगरोटा येथे पाश्चात्त्य माशी भारतात यशस्वीपणे स्थिरावली होती आणि तिच्याबरोबर मोठी पेटीही परत आली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. पुढे २०२२ साली महाबळेश्वरजवळील मांघर हे मधाचे गाव म्हणून घोषित झाले.

या साऱ्या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. लँगस्ट्रॉथची फट आणि न्यूटनची लहान चौकट या दोन्ही शोधांत माणसाने माशीचे माप स्वीकारले. आहाराच्या बाबतीतही तेच करावयाचे असते. वर्षातील उणे दिवस तिच्या बाजूने मोजावयाचे असतात. पाश्चात्त्य माशी उपाशी राहिली तर बहुधा पेटीतच मरते आणि मधपाळाची चूक झाकली जाते. सातेरी निघून जाते आणि रिकामी पेटी मागे ठेवते. तेव्हा नव्या मधपाळाने पेटीची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या परिसरात कोणत्या महिन्यात काहीच फुलत नाही, याची नोंद करावी. पेटीत किती मध राखावयाचा आणि पाकाचे भांडे केव्हा बाहेर काढावयाचे, हे त्या नोंदीवरूनच ठरते.