प्रागैतिहासिक अस्थी आणि सीटी स्कॅन

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत सीटी स्कॅन हा शब्द आज कोणालाही नवा नाही. डोक्याला मार लागला की डॉक्टर तो करून घ्यावयास सांगतात. मेंदूतील रक्तस्राव शोधणारे हेच तंत्र हजारो, प्रसंगी लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कवटीत डोकावण्यासाठीही वापरले जाते. हाड न कापता त्याच्या आतले पाहता येणे, हा मानवी अवशेषांच्या अभ्यासातील एक मोठा बदल होय.

त्याची सुरुवात मात्र जुनी आहे. रॉन्टजेनने १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १९०२ मध्ये, क्रोएशियातील क्रापिना येथे सापडलेल्या निअँडरथल माणसांच्या अवशेषांची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली. परंतु साध्या एक्स-रेमध्ये पुढचे आणि मागचे हाड एकाच प्रतलावर येते, शिवाय खोली कळत नाही. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला, तेव्हा ही अडचण दूर झाली. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे, ते कोठे किती अडले याची नोंद घ्यायची आणि त्यावरून संगणकाने एकेक आडवा छेद उभा करायचा, अशी ही पद्धत आहे. छेद एकावर एक रचले की त्रिमिती प्रतिमा मिळते. दगडाने भरलेल्या जीवाश्म कवट्यांचा आतला भाग अशा रीतीने वेगळा करून दाखवणारा शोधनिबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रुग्णालयातील यंत्र साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे बारकावे टिपते. मायक्रो-सीटी यंत्रे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आणि त्याहूनही खोल जातात. मृताच्या हाडाला किरणोत्साराची मर्यादा पाळावी लागत नाही, हा येथे फायदाच. दातांच्या बाबतीत तर हे तंत्र फारच उपयोगी पडते. लहान मुलाच्या दातावर एनॅमलचे थर रोज चढत असतात आणि झाडाच्या वलयांप्रमाणे ते मोजता येतात. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील एका बालकाचा दात फ्रान्समधील ग्रेनोबल येथे सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांखाली तपासला गेला. ते मूल सुमारे आठ वर्षांचे असताना मरण पावले आणि त्याची वाढ आजच्या मुलांसारखीच संथ होती, असा निष्कर्ष २००७ मध्ये मांडला गेला. दात फोडावा लागला नाही.

मुंबईच्या उपनगरांतही आदिमानव वावरला होता. लेफ्टनंट कमांडर टॉड यांनी कांदिवली परिसरातील पाषाणयुगीन हत्यारांवर १९३० च्या दशकात लेखन केले. हत्यारे दगडाची म्हणून टिकली. कोकणातील मुसळधार पाऊस आणि आम्लधर्मी माती हाडांना मात्र मानवत नाही. त्यामुळे अस्थींसाठी घाट ओलांडून देशावरच जावे लागते.

तेथे प्रथम नाव येते ते शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठच्या इनामगावचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील या वस्तीत दोनशेहून अधिक दफने सापडली, त्यांतील बहुतांश लहान मुलांची. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल आणि ते घराच्या जमिनीखाली पुरायचे, अशी रीत होती. प्रौढांना उताणे निजवून पुरत. पण त्यांचे पाय घोट्यापाशी तोडलेले असत. मृताने उठून परत येऊ नये म्हणून, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्याजोगे आहे; सिद्ध करणे अवघड.

या अस्थींचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शूग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांची वाढ कशी झाली होती, यावर २०११ मध्ये पुस्तक लिहिले. उत्तर जोर्वे काळात शेती ढासळली, लोक शिकारीकडे आणि पशुपालनाकडे अधिक वळले. या ओढगस्तीचा माग मुलांच्या हाडांतून काढता येतो, कारण उपासमार झाली की मांडीच्या हाडाची भिंत आतून पातळ होते. बाहेरून लांबी मोजून हे कळत नाही. त्यासाठी छेदच पाहावा लागतो. तो करवतीने घ्यायचा की किरणांनी, एवढाच प्रश्न उरतो.

वर्तमानपत्रांत गाजते ते मात्र चेहऱ्याचे चित्र. हरियाणातील राखीगढी येथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन हडप्पाकालीन व्यक्तींच्या कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून दक्षिण कोरियातील तज्ज्ञांच्या साह्याने त्यांचे चेहरे साकारण्यात आले आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. काम कष्टाचे आहे, यात शंका नाही. पण वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की जबड्याची ठेवण आणि डोळ्यांमधील अंतर हाड सांगते. मांसाची जाडी आजच्या माणसांच्या मोजमापांवरून घेतली जाते. ओठ, कान, नाकाचा शेंडा यांत अंदाजाचा वाटा मोठा असतो आणि त्वचेचा रंग तर कवटीत नसतोच. दोन चेहऱ्यांवरून 'हडप्पाचे लोक असे दिसत' असे म्हणणे घाईचे ठरेल.

प्राचीन डीएनए मिळवण्यासाठी कानामागचे कठीण हाड कोरले जाते, कारण त्यात डीएनए उत्तम टिकतो. अंतर्कर्णाच्या नाजूक नलिकाही नेमक्या त्याच हाडात असतात. एकदा ड्रिल फिरले की त्या गेल्या. म्हणून आधी स्कॅन, मग ड्रिल, हा क्रम आता आग्रहाने सांगितला जातो. नुसती रंगीत त्रिमिती प्रतिमा जपून भागत नाही, मूळ छेदांच्या फाइलीही ठेवाव्या लागतात. प्रतिमा बनवताना हाड कोठे संपते आणि माती कोठे सुरू होते हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि पुढच्या अभ्यासकाला ते तपासून पाहता आले पाहिजे.

इनामगावच्या तोडलेल्या पायांनाही हेच लागू पडते. ओले हाड आणि वाळलेले हाड वेगवेगळ्या रीतीने तुटते. हत्याराच्या धारेची खूण आणि नांगराने किंवा मातीच्या दाबाने झालेला भंग यांतला फरक सूक्ष्म त्रिमिती प्रतिमेत ओळखता येतो. घाव किती, कोणत्या दिशेने आणि मृत्यूनंतर किती लवकर घातले, हे विचारण्यासाठी आता त्या हाडांना पुन्हा हत्यार लावण्याची गरज नाही.