वीस सेंटिमीटरचे सी हॅरियर

कामगार चळवळीत उमर घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनसवर, ग्रॅच्युइटीवर किंवा फार तर १९८२ च्या गिरणीसंपावर बोलावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. मी आज एका खेळण्यावर बोलणार आहे. खेळणे हा शब्दही तितकासा बरोबर नाही, कारण ते मुलांच्या हाती कोणी देत नाही. काचेच्या कपाटात ठेवावयाची, धूळ बसू नये म्हणून फुंकर मारावयाची अशी ती धातूची प्रतिकृती असते. आपल्या नौदलाच्या सी हॅरियर ह्या लढाऊ विमानाची. मूळ विमान सुमारे साडेचौदा मीटर लांब. त्याला ७२ ने भागले की वीस सेंटिमीटर उरतात, आणि पंखांचा पसारा जेमतेम अकरा. हे ७२ कोठून आले? जुन्या इंग्रजी मापात सहा फुटांना एक इंच धरला की हे प्रमाण पडते. म्हणजे ह्या जगात पुऱ्या उंचीचा माणूस एक इंचाचा!

ह्या प्रतिकृतीकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी चमत्कारिक दिसतात. पहिली म्हणजे चाके. इतर विमानांसारखी ती दोन बाजूंना फाकलेली नाहीत. सायकलीसारखी पोटाखाली एकापाठोपाठ एक आहेत आणि तोल राहावा म्हणून पंखांच्या टोकांना दोन बारीक पाय दिले आहेत. दुसरी म्हणजे कुशीवरच्या चार तोट्या, दोन उजवीकडे व दोन डावीकडे. सगळी करामत ह्या तोट्यांत आहे. विमानाला एकच इंजिन. पुढच्या दोन तोट्यांतून पंख्याने ढकललेली हवा येते, मागच्या दोहोंतून जळालेला तप्त वायू. तोट्या मागे वळवल्या की विमान पुढे पळते, खाली वळवल्या की जागच्या जागी वर उचलले जाते. म्हणून त्याला लोकांनी जंप जेट हे नाव दिले. अधांतरी उभे असताना पंखांचा व शेपटीचा काहीच उपयोग नसतो. तेव्हा नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी हवेच्या बारीक पिचकाऱ्या सोडून तोल सांभाळतात. त्या वेळी इंजिनावर इतका ताण येतो की आत पाणी फवारून ते थंड ठेवावे लागते, आणि ते पाणी सुमारे दीड मिनिटात संपते. दीड मिनिटात वैमानिकाने खाली उतरलेच पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर आणखी कमी. इंग्लंडच्या थंडीत जन्मलेले हे यंत्र गोव्याच्या मे महिन्यात चालवणे काय असेल, ह्याची कल्पना आपणांस करता येईल.

मूळ कल्पना मिशेल विबो ह्या फ्रेंच अभियंत्याची, १९५६ सालची. ब्रिस्टलच्या इंजिन कारखान्यात स्टॅन्ले हूकर ह्यांच्या हाताखालच्या मंडळींनी तिला कामाचे रूप दिले, आणि लंडनजवळच्या किंग्स्टन येथील हॉकर कारखान्यात सिडनी कॅम ह्यांच्या कचेरीत राल्फ हूपर ह्यांनी विमान रेखाटले. २१ ऑक्टोबर १९६० रोजी डन्सफोल्डच्या धावपट्टीवर ते प्रथम जमिनीवरून सुटले. तेही दाव्याला बांधलेल्या खोंडासारखे, साखळदंडांनी जखडलेले. वैमानिक बिल बेडफोर्ड ह्यांच्या पायाला तेव्हा प्लास्टर होते. पुढे १९६९ मध्ये हॅरियर ब्रिटिश हवाई दलात आले आणि १९७८ मध्ये त्याचा समुद्री भाऊ सी हॅरियर उडाला.

येथे एक अडचण होती. पूर्ण शस्त्रे व तेल भरले की विमान उभे उचलले जात नाही, त्याला थोडी धाव लागते; आणि लहान जहाजावर धावायला जागा कोठली? डग टेलर नावाच्या नौदल अधिकाऱ्याने ह्यावर अगदी सोपा उपाय सुचवला. जहाजाच्या नाकाशी चढण करा, म्हणजे विमान धावत येऊन वरच्या दिशेनेच फेकले जाईल. त्याला स्की जंप म्हणतात. आपल्याकडचा कोणीही पोर घसरगुंडीवरून उलटा धावत जाऊन उडी मारतो, त्यातलाच हा प्रकार. १९७७ मध्ये त्याची प्रत्यक्ष चाचणी झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हर्मिस ह्या जहाजावर ही चढण होती. त्या युद्धात सी हॅरियरांनी शत्रूची २० विमाने पाडली आणि हवेतल्या झुंजीत स्वतःचे एकही गमावले नाही.

आपला संबंध त्याआधीचा. जुलै १९७२ मध्ये जॉन फार्ले ह्या वैमानिकाने हॅरियर आणून आपल्या विक्रांतवर उतरवून दाखवले. नौदलाच्या मनात ते भरले; परंतु मनात भरणे आणि तिजोरीतून पैसे निघणे ह्यांत आपल्या देशात अंतर असते. मागणी नोंदवली गेली ती १९७९ मध्ये, सहा लढाऊ विमाने व दोन शिकाऊ. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमाने गोव्यात दाबोळीला उतरली. त्यांचे नेतृत्व करणारे अरुण प्रकाश पुढे नौदलप्रमुख झाले. ३०० क्रमांकाचे हे पथक, त्याचे बिरुद पांढरा वाघ. मग १९८७ मध्ये तीच फॉकलंडची हर्मिस विराट ह्या नावाने आपल्याकडे आली आणि मुंबईला नांदू लागली.

आता संग्राहकांसाठी एक खूण सांगतो. आपल्या सी हॅरियरांवर इंग्रजांसारखी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे नव्हती, फ्रेंच बनावटीची मॅजिक होती. पंखाखाली साइडवाइंडर आणि अंगावर आपले तिरंगी चक्र अशी प्रतिकृती कोणी महाग विकू लागला, तर खुशाल घासाघीस करा.

पण कामगार माणसाला ह्या विमानाच्या इतिहासात खरे खुपते ते वेगळेच. किंग्स्टनचा कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. ज्या हातांनी हॅरियर जोडले, ते हात घरी बसले. आपल्याकडे गिरण्यांचे जे झाले, तेच तेथे विमानांचे. ब्रिटिश नौदलाने आपली सी हॅरियर २००६ मध्ये मोडीत काढली. आपली मात्र २०१६ पर्यंत उडत राहिली. ज्या घरात जन्म झाला ते घर पडल्यावर चोवीस वर्षे! सुटे भाग कोठून आणावयाचे? एका विमानाचे काढून दुसऱ्याला लावावयाचे, जपून वापरावयाचे, दुरुस्त करून पुन्हा वापरावयाचे. शेवटच्या काळात बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये काही विमानांना इस्रायली रडार व क्षेपणास्त्रे बसवून नवे डोळे व नव्या नख्या दिल्या गेल्या. तरीही घेतलेल्या तीसेक विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, आणि त्यांच्यासोबत तरुण वैमानिकही गेले. त्यांच्या नावाला आपण मान देतो आणि तो दिलाच पाहिजे. परंतु रात्रपाळीला विमानाच्या पोटाखाली उताणे पडून नळ्या आवळणाऱ्या खलाशी कारागिराचे काय? त्याला संघटना करण्याचा हक्क नाही, त्यामुळे त्याचे नाव आमच्या मोर्चाच्या फलकावरही येणार नाही. विराटची डागडुजी करणारे गोदी कामगार तर आपल्यातलेच. कांजूरमार्गच्या वसाहतीतून, मुलुंड-भांडुपच्या चाळींतून पहाटेची लोकल धरणारे. घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर नौदलाचे भांडार आहे. त्याच्या भिंतीवरून आपण रोज बसने जातो. आत जहाजांना लागणारे सामान मोजले जाते, हे किती जणांना ठाऊक आहे?

प्रतिकृतीच्या डब्यावर विमानाचा क्रमांक असतो, पथक असते, वर्ष असते, कधीकधी वैमानिकाचे नावही असते. ओतणाऱ्याचे नसते. ही धातूची विमाने बहुतेक चीनमध्ये होतात, पण काम आपल्या ओळखीचे आहे. जस्त, त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम, किंचित तांबे. चारशे अंशांच्या आत वितळणारा हा रस दाबाने पोलादी डायमध्ये मारतात, निघालेल्या तुकड्याचे बर कानशीने काढतात, मग रंग आणि छाप. साकीनाका, कुर्ला, असल्फा येथल्या गाळ्यांत ह्याच पद्धतीने कुलपे आणि कार्ब्युरेटर निघत. अशाच एका गाळ्यातले प्रकरण माझ्याकडे आले होते. माल काही महिन्यांत तडकून परत येऊ लागला आणि मालकाने ती भरपाई ओतणाऱ्या कामगारांच्या पगारातून कापली. त्यांच्या हाताला वळण नाही, असा आरोप. आम्ही तुकडे तपासायला दिले, तेव्हा धातूत शिसे निघाले. स्वस्त भंगार भट्टीत गेले होते. जस्तात शिशाचा नुसता अंश गेला तरी दमट हवेत ते आतून फुगते, भेगाळते आणि शेवटी भुगा होते. जुन्या प्रतिकृतींना हाच रोग लागतो; संग्राहक त्याला जस्ताची कीड म्हणतात. कापलेला पगार परत मिळवायला आम्हांला अकरा महिने लागले. तेव्हापासून धातूचे विमान हाती आले की मी आधी पंखाच्या मुळाशी केसाएवढी भेग आहे का ते पाहतो.

विमाने गेली आणि जहाजेही गेली. विक्रांत काही वर्षे मुंबईत संग्रहालय होती. २०१४ मध्ये ती दारूखान्याला तोडायला घेतली गेली. तोडताना आग लागून कामगार होरपळले. त्याच जहाजाचे थोडे पोलाद २०१६ मध्ये एका मोटारसायकलीत घातले गेले आणि तिच्या जाहिरातीत ते अभिमानाने सांगितले गेले. होरपळलेल्यांचा त्या जाहिरातीत उल्लेख नव्हता. विराट २०१७ मध्ये सेवामुक्त झाली. तिचे सिंधुदुर्गच्या समुद्रात संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्य केली. पुढे काही झाले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिला मुंबईहून ओढत गुजरातेत अलंगला नेले.

काही खरी सी हॅरियर मात्र शिल्लक आहेत. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदल विमान संग्रहालय आहे, तेथे एक उघड्यावर उभे आहे. सुट्टीत गेलात तर मुलांना घेऊन त्याच्या पोटाखाली वाकून पाहा. मागच्या तोट्यांच्या पाठीमागे अंगावर तप्त वायू अडवणारा पत्रा बसवलेला आहे. त्याचे जोड हाताने केलेले आहेत. वीस सेंटिमीटरच्या विमानात त्या जागी नुसता राखाडी रंग असतो.