डागापासून चिपपर्यंत : बोरघाटाच्या पायथ्याशी जनावरांची ओळख

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे गावाच्या रानात इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची बौद्ध लेणी असून, कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तेथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. अशी लेणी बहुधा वाहत्या व्यापारी वाटांच्या आधाराने उभी राहत, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून घाटमाथ्यावर चढणारी वाट याच मुलखातून जात होती. या वाटेवरचा माल शतकानुशतके बैलांच्या, तट्टांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून गेला. त्यामुळे हे जनावर नेमके कोणते आणि ते कोणाचे, हा प्रश्न कर्जत-खालापूरच्या मुलखात व्यापाराइतकाच जुना मानावा लागतो. जनावराच्या कातडीखाली बसवली जाणारी आजची मायक्रोचिप हे त्याच प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे उत्तर होय.

या प्रश्नाचे पहिले उत्तर माणसाच्या नजरेत होते. गावठी गुरांच्या मालकाला रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरचा चांद आणि शेपटीचा गोंडा एवढ्यावरून आपले जनावर शंभरांत ओळखता येई. ढवळ्या, पवळ्या, बांड्या ही नावे म्हणजे एका अर्थी वर्णनाची नोंदच असे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रेसारख्या गुरांच्या बाजारात हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाचा जबडा उघडून तो दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, म्हणजे सर्व कायमचे दात आलेला, हे पाहून वय ठरवी. घोड्यांच्या बाबतीत हे ज्ञान अधिक बारकाईचे होते. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी आणि गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असलेला घोडा शुभ, असे मानणाऱ्या शालिहोत्राच्या परंपरेने, म्हणजे अश्वशास्त्राने, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची जागा काटेकोरपणे टिपून ठेवली. शुभाशुभाचा भाग सोडला तरी भोवरा जन्मभर बदलत नाही हे निरीक्षण अचूक होते, आणि आजही शर्यतीच्या घोड्याच्या ओळखपत्रावरील रेखाचित्रात पांढऱ्या खुणांबरोबर भोवरे दाखवले जातात, ही गोष्ट आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे.

नजरेची ही ओळख मालकाला पुरेशी होती. राज्यसत्तेला ती पुरली नाही. सरदाराने ठरलेल्या संख्येइतके घोडे बाळगण्यासाठी पगार घ्यायचा आणि हजेरीच्या दिवशी दुसऱ्याचे घोडे किंवा हलकी तट्टे उभी करायची, ही फसवणूक रोखण्यासाठी दिल्लीत अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने 1570 च्या दशकात घोड्याला तापल्या लोखंडाचा डाग देण्याची आणि स्वाराचे वर्णन दफ्तरात लिहून ठेवण्याची पद्धत अमलात आणली. 2 फेब्रुवारी 1661 रोजी खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची जी फौज कोंडीत पकडली, ती याच मोगली व्यवस्थेतील होती. महाराजांच्या पागेची रचना मुळातच वेगळी असून, तीत बारगिराचा घोडा सरकारी असे आणि सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. घोडा सरकारचाच असल्यामुळे त्याचा हिशेब त्याच्या खुरांची आणि पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या माणसांपर्यंत जाऊन पोहोचत होता. ओळख आणि निगा या दोन गोष्टी येथे एकाच तुकडीत नांदत होत्या.

1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला, 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आणि 1863 मध्ये थेट घाट चढून वर गेली, तेव्हा लमाणांच्या बैलतांड्यांची ही वाट ओस पडत गेली. मात्र गावातल्या गुरांची नोंद त्याच सुमारास सरकारी कागदावर आली, आणि ती आली कोंडवाड्याच्या रूपाने. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानुसार पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात आणले गेले की, कोंडवाडा सांभाळणाऱ्याला जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव-गाव आणि मालक माहीत असल्यास त्याचेही नाव वहीत लिहावे लागे. दंड व वैरणीचा खर्च भरून मालकाने सात दिवसांत जनावर सोडवले नाही, तर जाहीर नोटीस निघे आणि तरीही कोणी न आल्यास लिलाव होई. ही वही ज्याच्या पाठीशी होती त्याचे जनावर सुटे, आणि वर्णन मोघम असेल तर तांबड्या रंगाची, मध्यम शिंगांची दोन गुरे एकमेकांपासून वेगळी सिद्ध करणे गरीब कुळाला अवघडच जात असणार. खुणेचे मोल ती ज्या वहीशी जोडलेली असते त्या वहीवर ठरते, ही गोष्ट कोंडवाड्याइतकी स्पष्टपणे क्वचितच दिसते.

कर्जत तालुक्यातीलच माथेरान ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने 1850 मध्ये प्रकाशात आणले. 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नांतून नेरळहून छोटी गाडी सुरू झाली, तरी डोंगरावरची वाहतूक बरीचशी घोड्यांवर राहिली आणि प्रवासी घोड्यासाठी नगरपरिषदेचा परवाना आवश्यक ठरला. येथे ओळखीचा हेतू प्रवाशाची सुरक्षा आणि घोडेवाल्याचा रोजगार असा दुहेरी होता.

चिपची कल्पना 1970 च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत रुजली. गाईच्या अंगावरील उपकरणाने आपला क्रमांक आणि शरीराचे तापमान रेडिओलहरींवरून कळवावे, असे तेथील संशोधकांचे उद्दिष्ट होते. आज प्रचलित असलेली चिप तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे 12 मिलिमीटर लांब आणि काचेच्या कुपीत बंद असते; तिच्यात विद्युतघट नसतो. वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्या 134.2 किलोहर्ट्झच्या लहरींतूनच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला 15 अंकी क्रमांक परत पाठवते. 1996 च्या आंतरराष्ट्रीय मानकांनी या क्रमांकाची रचना ठरवून दिली. कुत्र्याला ती दोन खांद्यांच्या मध्ये, तर घोड्याला मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखालच्या स्नायुबंधात जाड सुईने टोचली जाते. डागाने होणारी भाजणूक यात नाही, आणि जनावराच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा आहे. परंतु डाग कोणालाही दिसे, चिप मात्र यंत्राशिवाय मुकी असते. चोरीला गेलेला घोडा बाजारात उभा असला तरी वाचकयंत्र नसेल तर त्याची ओळख त्याच्या मानेतच राहते.

महाराष्ट्रात चिपने सर्वांत महत्त्वाचे काम केले ते बिबट्यांच्या बाबतीत. जुन्नर वनविभागात पकडून दूर सोडलेल्या बिबट्यांना विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिपा बसवल्या. त्याआधी सोडलेला बिबट्या पुन्हा पकडला गेला तरी तो तोच आहे हे सांगण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता. बिबटे जागा बदलून सोडण्याच्या धोरणानंतर माणसांवरील हल्ले 1993 ते 2001 या काळातील वर्षाला सरासरी चारवरून 2001 ते 2003 मध्ये सतरावर गेल्याचे या अभ्यासाने दाखवले. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोहोचला. त्याची ही वाट त्याच्या गळ्यात बांधलेल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्याने कळवली. पट्टा बंद पडल्यावर, 2011 च्या अखेरीस वाहनाच्या धडकेने तो मेला तेव्हा मात्र त्याची ओळख चिपनेच पटवली.

गावच्या गाई-म्हशींसाठी मात्र शासनाने चिपऐवजी कानातला पिवळा बिल्ला निवडला, आणि ही निवड योग्यच होती. बारा अंकी क्रमांक शेतकऱ्याला डोळ्यांनी वाचता येतो, खर्च कमी पडतो आणि बिल्ला गळून पडला तर लगेच लक्षात येते. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय गुरांची खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे. आरोग्याच्या बाबतीतही साध्या चिपकडून फार अपेक्षा करता येत नाही, कारण ती फक्त क्रमांक सांगते. तापमान मोजणाऱ्या चिपा निघाल्या असल्या तरी त्या टोचलेल्या जागेचे तापमान दाखवतात, आणि उन्हात उभ्या किंवा नुकत्याच दौडलेल्या जनावराच्या बाबतीत ते गुदमार्गातील तापमानाशी जुळेलच असे नाही. गुरांचे आरोग्य राखले जाते ते लाळ्या-खुरकुताच्या वर्षातून दोनदा टोचायच्या लसीने, आणि ती कोणत्या जनावराला कधी दिली हे ‘भारत पशुधन’ या नोंदप्रणालीत क्रमांकासमोर भरले गेले असेल तरच पुढच्या फेरीत पशुवैद्यकाला राहिलेले जनावर शोधता येते. गाय विकली गेल्यावर नव्या मालकाचे नाव त्याच क्रमांकापुढे चढणे हेही तितकेच आवश्यक आहे. नाहीतर साथीच्या काळात तिचा माग काढणारा कर्मचारी जुन्याच मालकाच्या गोठ्याशी येऊन थांबतो.