पाकिटातलं रान

बैलाची मोठी मूत्राशयं तीन-चार मिळवावीत. रानात हवं ते रोप दिसलं की मुळाभोवतीच्या मातीसकट उचलून त्या पिशवीत ठेवावं, वर थोडं पाणी शिंपडावं, खोडाभोवती पिशवीचं तोंड आवळून बांधावं आणि ती घोड्याच्या खोगिराला लटकवून पुढे निघावं. लंडनच्या एका कापड व्यापाऱ्याने १७३० च्या दशकात अटलांटिकपलीकडच्या एका शेतकऱ्याला पत्रातून ही युक्ती शिकवली. व्यापाऱ्याचं नाव पीटर कॉलिन्सन. शेतकरी होता जॉन बार्ट्राम. फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीच्या काठी त्याची शेती होती. दोघेही क्वेकर पंथाचे आणि दोघांनाही झाडांचं वेड. कॉलिन्सन १७६८ मध्ये वारला तोवर त्यांचा पत्रव्यवहार चालू होता, पण त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

थंड हवेच्या प्रदेशातल्या बागकामाच्या इतिहासात या दोघांच्या बी-देवघेवीला फार मोलाची जागा आहे. शरद ऋतूत पिकं घरात आली की बार्ट्राम घोड्यावर बसून रानात शिरायचा आणि मॅपल, ओक, मॅग्नोलिया, कॅल्मिया, ऱ्होडोडेंड्रॉन यांचं बी गोळा करायचा. कागदाच्या पुड्यांत भरलेलं सुमारे शंभर जातींचं बी लाकडी पेटीत रचलं जायचं आणि पेटी जहाजावर चढायची. इंग्लंडमध्ये तिची किंमत पाच गिनी होती. घेणाऱ्यांत रिचमंड, नॉरफोक आणि बेडफर्डचे ड्यूक होते. लॉर्ड पेट्रीने एसेक्समधल्या आपल्या इस्टेटीवर अमेरिकी झाडांचं अख्खं रान उभं करायला घेतलं होतं, पण १७४२ मध्ये देवीच्या साथीत तो ऐन तारुण्यात गेला. चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख फिलिप मिलर हाही या बियांची आतुरतेने वाट पाहणाऱ्यांपैकी एक.

समुद्रप्रवास मात्र बियांच्या जिवावर उठायचा. खारं पाणी पेटीत झिरपायचं, ओलीने बुरशी धरायची, उंदीर पुड्या फोडून आत घरटी करायचे. पेटी कप्तानाच्या खोलीत, त्याच्या पलंगाखाली ठेवून घ्यावी असं कॉलिन्सन पुन्हा पुन्हा बजावायचा. बदल्यात तो बार्ट्रामला युरोपातलं बी, फुलांचे कंद आणि पुस्तकं पाठवत राहिला. पैसा या व्यवहारात होताच. पण दोघांनी इतकी वर्षं तो नेटाने चालवला तो एकमेकांच्या मातीविषयीच्या कुतूहलापोटी.

पेटी सुखरूप पोचली तरी पुष्कळसं बी पहिल्या वसंतात मुकाट पडून राहायचं. थंड प्रदेशातल्या झाडाचं बी शरदात गळतं. ते लगेच उगवलं, तर चार आठवड्यांत पडणारं हिम कोवळ्या अंकुराला मारून टाकेल. म्हणून अशा बियांमध्ये उगवण रोखून धरणारं संप्रेरक असतं. ओलाव्यात आणि गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडीत काही आठवडे गेले की त्याचा जोर ओसरतो, उगवणीला चालना देणारं दुसरं संप्रेरक वाढतं आणि मग ऊब मिळाली की बी फुटतं. काही जातींना एक हिवाळा पुरत नाही. त्यामुळे नुसतं बी दिल्याने काम भागत नाही. ते किती थंडी मागतं, ही माहितीही सोबत द्यावी लागते.

या देवघेवीची काळी बाजूही बार्ट्रामने स्वतः पाहिली. १७५८ मध्ये त्याने मिलरसाठी एक टिपण तयार केलं. पेनसिल्व्हेनियाच्या कुरणांत आणि शेतांत उच्छाद मांडणाऱ्या झाडांची ती नोंद होती आणि त्यातली बहुतेक युरोपातून आलेली होती. बागेत शोभेसाठी आणलेलं पिवळं टोडफ्लॅक्स कुंपण ओलांडून माळभर पसरलं होतं. पुढच्या शतकात भारतातून गेलेल्या बियांनी हीच गोष्ट इंग्लंडमध्ये घडवली. सहारनपूरच्या सरकारी बागेचे एकेकाळचे प्रमुख जॉन फोर्ब्स रॉयल यांच्यामुळे १८३९ मध्ये हिमालयातला तेरडा लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती उद्यानात पोचला. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर भाद्रपदात फुलतो त्या तेरड्याच्याच कुळातला हा, पण पुरुषभर उंचीहून वर जाणारा. गुलाबी फुलांना भुलून लोकांनी त्याचं बी एकमेकांना वाटलं. त्याची पिकलेली शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडतं. आज ब्रिटनमधल्या नद्यांचे काठच्या काठ त्याने व्यापले आहेत आणि स्वयंसेवकांच्या टोळ्या दर उन्हाळ्यात तो उपटत असतात.

आणि तरीही हातोहात गेलेल्या बियांनीच एक झाड जगातून नाहीसं होण्यापासून वाचवलं, हेही तितकंच खरं. १७६५ मध्ये जॉर्जियात आल्टमाहा नदीकाठी जॉन आणि त्याचा मुलगा विल्यम यांना पांढऱ्या, सुगंधी फुलांचं एक छोटं झाड दिसलं. विल्यमने पुढे तिथे परत जाऊन बी आणलं, घरच्या बागेत लावलं आणि बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरून झाडाला फ्रँकलिनिया हे नाव मिळालं. १८०३ नंतर ते रानात कुणालाही दिसलेलं नाही. आज जगात जितके फ्रँकलिनिया आहेत, ते सगळे बार्ट्राम बापलेकांनी जगवलेल्या झाडांचे वंशज आहेत. मूळचं दक्षिणेतलं हे झाड बॉस्टनच्या थंडीतही तग धरून आहे.

अमेरिकेचं रान असं युरोपच्या बागांमध्ये मिरवत असताना घरी मात्र त्याची किंमत उतरत गेली. १८३७ मध्ये जॉन डीअरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर घडवला आणि प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ माळांची, मुळांनी घट्ट विणलेली काळी माती उलटू लागली. इलिनॉयमधल्या मूळच्या सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरीपैकी १९७८ च्या पाहणीत चांगल्या स्थितीतली जेमतेम २,३०० एकर सापडली. तीही कुठे? नांगर पोचला नाही तिथे, म्हणजे रेल्वेच्या कडेच्या पट्ट्यांत आणि पहिल्या वसाहतकऱ्यांच्या जुन्या दफनभूमींत.

त्या दफनभूमींकडे लक्ष वेधणाऱ्यांत शिकागोचे प्राध्यापक रॉबर्ट बेट्झ आघाडीवर होते. स्वयंसेवकांना घेऊन ते अशा उरल्यासुरल्या तुकड्यांमधून हाताने बी गोळा करायचे. त्याच बियांतून १९७५ मध्ये फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कणत्वरकाच्या वर्तुळाच्या आत, सुमारे दहा एकरांवर प्रेअरीची पहिली पेरणी झाली. त्याआधी, १९३० च्या दशकातल्या मंदीत, विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसनमध्ये बेकार तरुणांच्या श्रमातून घोड्यांच्या जुन्या कुरणावर प्रेअरी पुन्हा उभी केली होती. निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड त्या कामाशी जोडलेले होते. पण ही सगळी संस्थांची कामं. घराच्या अंगणात रान आणायला हिंमत लागत होती, कारण शेजाऱ्याला त्यात तणच दिसायचं.

लॉरी ऑटो यांच्यापाशी ती हिंमत होती. विस्कॉन्सिनच्या शेतावर वाढलेल्या या बाईंनी मिल्वॉकीजवळच्या बेसाइड गावात घरापुढची हिरवळ काढून तिथे नेचे, अ‍ॅस्टर आणि गोल्डनरॉड वाढवले. गावाच्या माणसांनी येऊन त्यांची नेच्यांची बाग कापून टाकली. ऑटो गप्प बसल्या नाहीत. त्यांनी भांडून भरपाई मिळवली. डीडीटीने मेलेले रॉबिन पक्षी दाखवत याच बाई त्या विषाविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या आणि देशात सर्वांत आधी डीडीटीवर बंदी घालणाऱ्या राज्यांमध्ये विस्कॉन्सिन होतं. त्यांच्या प्रेरणेतून १९७९ मध्ये मिल्वॉकीत ‘वाइल्ड वन्स’ ही संस्था सुरू झाली. सभासद एकमेकांच्या बागा पाहायला जायचे, बुलडोझर येण्याआधी झाडं उचलून आणायचे आणि हिवाळ्याच्या तोंडावर बी वाटून घ्यायचे. बार्ट्रामचं बी परदेशी नवल म्हणून समुद्रापार गेलं होतं. या माणसांचं बी शेजारच्या गल्लीत जात होतं, आणि जात होतं ते तिथे पूर्वी उगवायचं म्हणून.

या पुड्यांमध्ये सर्वाधिक मागणी मिल्कवीडला. आपल्या रुईची ही भावकीतलीच. तसाच पांढरा चीक, तशीच फुटणारी बोंडं आणि वाऱ्यावर उडणाऱ्या तशाच म्हाताऱ्या. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तरंगजाकिटांत भरायला या म्हाताऱ्यांचा कापूस हवा होता, म्हणून १९४४ मध्ये शाळकरी मुलांनी पोत्यांनी बोंडं वेचली. दोन पोती बोंडांत एक जाकीट भरायचं. युद्ध संपलं आणि मिल्कवीड पुन्हा तणात जमा झालं. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताने ते उपद्रवी तणांच्या यादीतून काढलं ते थेट २०१४ मध्ये.

बी आलं, आता उगवायचं कसं? याचं सर्वांत कष्टाळू उत्तर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक नॉर्मन डीनो यांनी दिलं. पेन स्टेट विद्यापीठात शिकवलेले हे गृहस्थ खडकबागांचे शौकीन होते. ब्रिटनमध्ये १९२९ साली आणि अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेल्या खडकबाग मंडळांची वार्षिक बीवाटणी तोवर चांगलीच रुळलेली होती. डीनो यांनी ना कुंडी घेतली ना माती. जाड कागदी रुमालाची घडी ओली करायची, त्यात बी पसरायचं, घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि वर नाव, तारीख घालायची. तीन महिने फ्रिजच्या चार अंश सेल्सियसला, तीन महिने घरातल्या एकवीस अंशांना, मग पुन्हा थंडीत. अशा हजारो चाचण्या करून त्यांनी निष्कर्षांचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं. ट्रिलियमसारख्या वनफुलांचं बी वाळवून पाकिटात घातलं तर बिघडतं, ते ओलसर ठेवूनच पाठवावं लागतं, हे आता देणारे-घेणारे सगळे जाणतात. ज्यांना फ्रिजमध्ये जागा नाही, ते दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन आडवे कापून, तळाला भोकं पाडून, त्यात माती भरून बी पेरतात आणि कॅन जानेवारीच्या बर्फात उघड्यावर ठेवून देतात.

पाकिटावर काय लिहावं याचेही संकेत ठरत गेले. जातीचं शास्त्रीय नाव, वेचल्याची तारीख आणि कुठल्या परगण्यातलं बी ते ठिकाण. रानातल्या एका तुकड्यातून दहाव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये, असंही जाणकार सांगतात. ठिकाणाचा आग्रह उगाच नाही. कॅल्व्हिन मॅकमिलन यांनी १९५० च्या दशकात प्रेअरीची गवतं दूरदूरच्या जागांवरून आणून नेब्रास्कात एकाच शेतात लावली, तेव्हा उत्तरेकडची लवकर फुलली आणि दक्षिणेकडची फार उशिरा. टेक्सासच्या गवताचं बी मिनेसोटात लावलं, तर ते पिकायच्या आतच हिम पडतं.

एवढं जपून चाललेलं काम कायद्याच्या कचाट्यातही सापडलं. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गच्या ग्रंथालयाने लोकांना बी देण्या-घेण्यासाठी एक कपाट उघडलं, तर राज्याच्या कृषी खात्याने बियाणे कायद्याकडे बोट दाखवलं. व्यापारी बियाण्याला लागू असलेल्या तपासणीच्या अटी इथेही पाळा, असा त्याचा अर्थ होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या मूठभर बियांना कंपनीच्या गोणीचा नियम लावणं अन्यायाचं होतं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. २०१५ मध्ये मिनेसोटा आणि नेब्रास्का या राज्यांनी कायदा बदलून बिनव्यापारी देवघेवीला मोकळीक दिली. पुढे पेनसिल्व्हेनियानेही आपली भूमिका सैल केली.

जानेवारीचा शेवटचा शनिवार आता अनेक गावांत बी अदलाबदलीचा दिवस म्हणून पाळला जातो. उत्तरेकडच्या लोकांना तो चांगलाच सोयीचा पडतो. त्या दिवशी मिळालेलं बी त्याच आठवड्यात बाहेर पेरलं, तर एप्रिल लागेपर्यंत त्याला आठ-नऊ आठवड्यांची ओली थंडी मिळते, आणि मिल्कवीडला तेवढी पुरते.