जुन्या नकाशातील अंबरनाथ

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि कागदपत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. अंबरनाथकरांना तर शके 982 मधला, म्हणजे इ. स. 1060 चा, शिवालयातील शिलालेख अभिमानाने सांगता येतो. परंतु त्या देवळाभोवतीच्या शेतांचा व ओढ्यांचा इतिहास कोठे शोधावा? आमच्या मते तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत शोधावा.

1767 साली सुरू झालेल्या ह्या खात्याने पुढे एक इंचास एक मैल ह्या प्रमाणावर देशाचे नकाशे काढले. त्यांत आपला भाग ‘47 ई/4’ ह्या क्रमांकाखाली येतो. निळा रंग पाण्याचा, हिरवा रानाचा, पिवळा लागवडीचा. तपकिरी रेषा उंचसखलपणाच्या. अशी जुनी व नवी आवृत्ती शेजारी ठेवावी, म्हणजे भातखाचरांवर शहर कसे चढत गेले ते समजते. 1854 साली कल्याणपर्यंत आणि 1856 साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि 1949 साली ती वसाहत उल्हासनगर झाली.

अर्थात नकाशा सर्व सांगत नाही. खाचर कोणाच्या मालकीचे, त्यात राबणारे कूळ कोणते, हे त्यात नसते. त्यासाठी गावनकाशा व सातबारा पाहावा लागतो. पण पाणी कोठून वाहते आणि सखल जमीन कोणती, हे तो चोख सांगतो.

ही माहिती निव्वळ हौसेची नव्हे. 26 जुलै 2005 चा पूर आपण विसरलेलो नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. खाचरात पूर्वी पाणी तुंबे, तेव्हा भात पिके. आज तेच पाणी घरात शिरते. वालधुनीला आपण नाला म्हणू लागलो, तरी उतार बदललेला नाही.

2021 साली शासनाने नकाशांवरील निर्बंध पुष्कळ सैल केले. तेव्हा गावातील प्रत्येक वाचनालयात हा नकाशा लावावा आणि घर घेणाऱ्याने किमतीआधी आपली जागा त्यावर पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.