बिननावाची चिठ्ठी

१९३४ साली मुंबईत एका मराठी मासिकाच्या संपादकावर खटला चालला. वाचकांनी पत्रातून विचारलेल्या प्रश्नांना त्याने छापील उत्तरं दिली होती, आणि प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दलचे, समलिंगी संबंधांबद्दलचे. संपादकाचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे, मासिकाचं 'समाजस्वास्थ्य'. त्यांची बाजू मांडायला उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व'मध्ये कर्वे पडद्यावर आणले, अतुल पेठेंनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं नाटकच केलं. पण शाळेत 'बायल्या' म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या जागी बसून हा खटला वाचला, तर त्यातला एक मुद्दा वेगळा दिसायला लागतो. न्यायालयाचा रोख होता की असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला आणि उत्तरं तरी का द्यायची. आंबेडकरांचं म्हणणं असं की, तुम्ही याला विकृती म्हणालात तरी ती जाणार ज्ञानानेच, मग विचारणाऱ्याला उत्तर मिळायला नको का? त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा दाखला दिला, आणि कुणाची ओढच तशी असेल तर त्यात गैर काय, इथपर्यंत ते गेले. १९३४ साली! कर्वे खटला हरले आणि दोनशे रुपये दंड झाला.

हे प्रश्न विचारणारी माणसं कोण असतील? ज्यांना घरात विचारता येत नव्हतं, मास्तरांना विचारणं तर त्याहून अशक्य होतं, अशीच असणार. म्हणून त्यांनी न पाहिलेल्या एका संपादकाला पत्र लिहिलं. तो संपादक मुळात शिक्षक होता, हे खटल्याच्या गडबडीत विसरायला होतं. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार थांबवा, नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा, १९२५ साली, त्यांनी नोकरी सोडली. १९२७ च्या जुलैत मासिक सुरू झालं आणि पुढे ते मरेपर्यंत चालवलं. म्हणजे उत्तर द्यायला तयार असलेला मास्तर शिक्षणसंस्थेच्या बाहेर गेल्यावरच बोलू शकला. पुढच्या नव्वद वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडताना दिसतं.

मुंबईचं कोर्ट सोडून आता मावळात येऊ. वडिवळे हे नाव बाहेरच्यांना कळतं ते धरणामुळे, पावसाळ्यात फिरायला येणाऱ्यांमुळे. मावळातल्या अशा कितीतरी गावांत गावची शाळा चौथी-सातवीला संपते आणि पुढे कामशेतची, नाहीतर लोकल पकडून तळेगाव-लोणावळ्याची वाट धरावी लागते. शाळा बदलली की चिडवण्याचाही दर्जा बदलतो. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. 'अमक्याचा पोरगा जरा नाजूक आहे' इतक्यावर भागतं. मोठ्या शाळेत साठ अनोळखी पोरं असतात आणि पहिल्या आठवड्यातच कुणाला काय म्हणायचं ते ठरतं. बायल्या. नाच्या. छक्का. या शेवटच्या शब्दाची गंमत अशी की, हिंदी समालोचनात तोच शब्द टाळ्या घेतो. आपल्याकडे षटकार आहे म्हणून बरं.

शब्दांच्या या यादीत 'नाच्या' खास आपला. तमाशातला नाच्या हा गावाचा लाडका आणि गावाच्या तुच्छतेचाही धनी. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा कागलकर पैलवानी अंगाचा मजूर आहे. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तो स्वतः उभा राहतो, आणि मग गाव त्याला जे दाखवतं ते चित्रपट पाहिलेल्या कुणालाही आठवत असेल. कादंबरीचा नायक बायकांकडे ओढला जाणारा, लग्न झालेला पुरुष आहे. तरी त्याची सुटका नाही. चिडवणाऱ्याला समोरच्याला कोण आवडतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो पाहतो चाल, आवाज, हातवारे. कबड्डीत अंग चोरणारा, मुलींच्या बाकाजवळ डबा खाणारा, चित्रकलेच्या तासाला रमणारा मुलगा त्याला पुरतो. यातली काही मुलं पुढे समलिंगी निघतात, काही निघत नाहीत. सातवीत ते त्यांनाही नक्की ठाऊक नसतं. आणि 'बायल्या' या शब्दात मुळात बाईचा कमीपणा भरलेला आहे, हे मुलींनी तरी ऐकलं पाहिजे.

मुलींना वेगळ्या तऱ्हेने छळलं जातं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. कॉलेजातली मित्रा, तिचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम, हाती लागलेली पत्रं, त्या पत्रांच्या जोरावर आवळला जाणारा फास, आणि शेवटी तिचा मृत्यू. आता पत्रांच्या जागी स्क्रीनशॉट असतो. बाकी फारसं बदललेलं नाही.

अनेकांना वाटतं, हे सगळं कलम ३७७ मुळे होतं आणि ते गेलं की प्रश्न मिटला. हे कलम १८६० च्या दंडसंहितेतलं, इंग्रजांनी आणलेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असं ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला शेवटी मोकळं केलं. मोठी लढाई होती, शंका नाही. पण आठवीतल्या पोराला कुणी कलमाखाली चिडवत नाही. तिथे शाळा काय करते यावर सगळं ठरतं.

आणि शाळेचा इतिहास तोंड मिटण्याचा आहे. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, आणि २००७ साली आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असं म्हणत महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. कर्व्यांच्या महाराष्ट्राने. २०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका संकेतस्थळावर टाकली. बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांत ती तिथून गायब झाली. ब्रिटनमध्ये १९८८ साली याच गप्प बसण्याचा कायदाच झाला होता, त्याला कलम २८ म्हणतात. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये असं त्यात होतं. झालं असं की शिक्षक चिडवणाऱ्या पोरांना थांबवायलाही कचरू लागले, कारण नेमकं काय बोललं की प्रसार होतो ते कुणालाच कळेना. इंग्लंडमध्ये ते २००३ साली रद्द झालं. आपल्याकडे तसा कायदा कधीच नव्हता. गरजच पडली नाही.

शाळा-कॉलेजं धडे फक्त पुस्तकातून देत नाहीत. शिक्षकाचं काय होतं, हेही पोरं बघत असतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस कवी होते, महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार त्यांना मिळालेला. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. घुसणाऱ्यांच्या आधी विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. दिल्लीचा निकाल तेव्हा लागू होता, त्यांनी कायद्याने गुन्हा केलेला नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. त्या वर्षी तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाने यातून काय घेतलं असेल?

बाहेर मात्र कुणी ना कुणी उत्तरं देत होतं. मुंबईत १९९० पासून 'बॉम्बे दोस्त' निघायचं, पुढे हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत लिहिलं, हे महत्त्वाचं. 'पार्टनर' ही त्यांची कादंबरी एका समलिंगी मुलाचं मोठं होणं सांगते. 'मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख' हे तर थेट माहितीचं पुस्तक. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला स्वतःसाठी शिवी सोडून दुसरा शब्द सापडणं, याची किंमत इंग्रजीत वाढलेल्यांना चटकन कळत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे एक आश्चर्य आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा. आपण समजतो तो इंजिनिअरिंगच्या होस्टेलसाठी. पण त्यात शिक्षणसंस्थेची व्याख्या ऐसपैस आहे, आणि रॅगिंगमध्ये काय काय येतं हे सांगताना पहिलाच शब्द आहे तो चिडवण्यासाठीचा. विद्यार्थ्याला लाज वाटेल, भीती वाटेल असं वागणंही त्यात बसतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर गुन्ह्याला मदत केल्याचा ठपका त्याच्यावर. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षणहक्क कायदाही आहे, त्याचं कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं. वर्गात एखाद्याच्या चालीची नक्कल करून हशा मिळवणारे गुरुजी त्यातून सुटत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या नियमांत लैंगिक कल हा शब्दच घातला, पण ते नियम उच्च शिक्षणासाठी. शाळेपर्यंत ते पोचत नाहीत.

एवढं असूनही तक्रारी का येत नाहीत? युनेस्कोने चेन्नईच्या सहोदरन संस्थेबरोबर तमिळनाडूत एक पाहणी केली होती. माध्यमिक शाळेत मारहाण-धक्काबुक्की सोसलेले साठ टक्के होते, शाळेत तक्रार केलेले फक्त अठरा. जवळपास एक तृतीयांश जणांनी शाळा सुटण्यामागे हा छळ असल्याचं सांगितलं. आकडे तमिळनाडूचे आहेत, पण कामशेतच्या स्टँडवर उभं राहिलं तरी कारण समजतं. लेखी तक्रार करायची म्हणजे कागदावर तो शब्द लिहायचा. मग पालकांना बोलावणार. मग बाप विचारणार, 'पण तुलाच का म्हणतात?' जे घरापासून लपवायचं तेच मुलाने स्वतःच्या हाताने घरी पोचवावं, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय शिक्षा म्हणजे निलंबन आणि पोलीस. तेरा वर्षांच्या चिडवणाऱ्यावर हे हत्यार मला तरी बोजड वाटतं. वर्गात परत आल्यावर तो तोच शब्द हळू आवाजात म्हणणार.

त्यापेक्षा एक साधी वस्तू बघा. शाळांमध्ये तक्रारपेटी लावण्याचे आदेश सरकारने काढलेले आहेत, २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर पुन्हा बजावले. कितीतरी ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली असते, म्हणजे कोण काय टाकतंय हे शिपायापासून सगळ्यांना दिसतं. ती पाण्याच्या टाकीजवळच्या बोळात हलवायला खर्च येत नाही. पेटीतल्या चिठ्ठीवर नाव घालावं लागत नाही. आणि ती वाचणाऱ्याने 'कुणी लिहिलंय हे' असा शोध घ्यायचा नसतो. 'आठवी ब मध्ये एकाला बायल्या म्हणतात' एवढंच लिहिलेलं असलं तरी वर्गशिक्षिकेला दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगता येतं, की हा शब्द या वर्गात चालणार नाही, आणि का चालणार नाही. त्या मुलाकडे न बघता.