समोर कोण बसणार? मॅकमोहन पद्धतीची कुळकथा

ऑनलाइन गो सर्व्हरवर, म्हणजे ओजीएसवर, स्पर्धेत नाव घालायला गेलं की पटाचं माप आणि घड्याळ यांच्याबरोबर आणखी एक रकाना दिसतो: स्पर्धेचा प्रकार. राउंड रॉबिन म्हणजे आपली साखळी, एलिमिनेशन म्हणजे बाद पद्धत, आणि स्विस तर बुद्धिबळ खेळणाऱ्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्यांच्याच रांगेत एक नाव असतं, मॅकमोहन. आपल्याला हे नाव वाचून १९१४ची सीमारेषा आठवणार, पण तिचे हेन्री मॅकमोहन वेगळे. हे मॅकमोहन अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करत होते, आणि जगभरच्या हौशी गो खेळाडूंवर त्यांचे उपकार आहेत. गोच्या स्पर्धेत तळाच्या खेळाडूलाही शेवटच्या फेरीपर्यंत जीव लावून खेळावंसं वाटतं, ते या पद्धतीमुळे.

तिचं महत्त्व कळायला आधी स्पर्धा भरवणाऱ्याचा जुना पेच पाहायला हवा. समजा ६४ खेळाडू आले. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं तर ६३ फेऱ्या आणि २०१६ डाव होतात. तेवढी सुट्टी कुणाकडेच नसते. बाद पद्धत घेतली तर सहा फेऱ्यांत विजेता मिळतो, पण पहिला डाव संपताच ३२ जण घरी जातात. गावाहून तिकीट काढून आलेल्या माणसाला एका डावावर परत पाठवणं मला तरी क्रूर वाटतं. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ज्युलियस म्युलर यांनी यातून वाट काढली. कुणालाच बाद करायचं नाही. प्रत्येक फेरीत समान गुणांच्या खेळाडूंची जोडी लावायची आणि एकदा झालेली जोडी पुन्हा लावायची नाही. जिंकणारे वरवर सरकत एकमेकांना भिडतात, हरणाऱ्यांना हरणारेच भेटतात. स्वित्झर्लंडची म्हणून ती स्विस. १९७६च्या हैफा ऑलिम्पियाडपासून बुद्धिबळाच्या सर्वांत मोठ्या सांघिक स्पर्धेतही तीच आली.

मग गोवाल्यांनी तीच जशीच्या तशी का उचलली नाही? कारण या खेळातल्या उंचीच्या फरकात आहे. गोचा पट १९ बाय १९ रेघांचा. काळे-पांढरे खडे रेघांच्या छेदांवर ठेवायचे, जागा वेढायची, समोरच्याचे खडे कोंडून उचलायचे. नवखा खेळाडू ३० क्यूच्या आसपास सुरुवात करतो आणि आकडा उतरवत १ क्यूपर्यंत येतो. त्यापुढे १ डॅन, २ डॅन असं वर चढायचं. हौशी खेळात दोघांमध्ये जितक्या पायऱ्यांचा फरक, तितके खडे कमजोर खेळाडूला पटावर आधीच मांडू द्यायचे, असा रिवाज आहे. त्याला हँडिकॅप म्हणतात आणि तो सहसा नऊ खड्यांवर थांबतो. १५ क्यू आणि ३ डॅन यांच्यात १७ पायऱ्या असतात. नऊ खडे देऊनही जो डाव अटीतटीचा होत नाही, तो बरोबरीने खेळवण्यात दोघांचाही दिवस वाया जातो. स्विसच्या पहिल्या फेरीत सगळ्यांचे गुण शून्य, म्हणजे सगळे समान. अशा विजोड जोड्या तिथे एकामागून एक निघतात, आणि ही उलथापालथ शांत होईतो पाच फेऱ्यांची स्पर्धा संपलेली असते.

म्हणून मॅकमोहन पद्धतीचं घराणं जरी झुरिकचं असलं, तरी तिचं आजोळ जपानात आहे. तोकुगावा राजवटीने १६१२पासून गोच्या उस्तादांना तनखे दिले. होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी ही चार घराणी उभी राहिली, आणि शोगुनच्या किल्ल्यात त्यांचे डाव होऊ लागले. त्यातल्या होनिन्बो दोसाकू (१६४५–१७०२) यांच्याकडे नऊ डॅनच्या श्रेणीची घडी बसवण्याचं श्रेय जातं. श्रेणी म्हणजे नुसती पदवी नव्हती. कोणी कोणाला किती सवलत द्यायची हे तिच्यावरून ठरे, त्यामुळे ती दर डावात पटावर तपासली जाई. खेळाडूची ताकद स्पर्धेच्या आधीच एका आकड्यात सांगता येते, आणि त्या आकड्यावर विसंबता येतं, ही गोची फार मोठी पुंजी. स्विस पद्धत हे आधीचं ज्ञान दारातच बाहेर ठेवते.

ते आत घेतलं ली मॅकमोहन (१९३१–१९८९) यांनी. हार्वर्डमधून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस बेल लॅब्जमध्ये संगणकाच्या कामात रमला. युनिक्स या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या मंडळींतले ते एक. मजकुरावर ओळीओळीने संस्कार करणारा ‘सेड’ हा प्रोग्रॅम त्यांचा, आणि तो आजही रोज वापरात आहे. ‘ग्रेप’च्या जन्मालाही तेच कारण झाले. ‘फेडरलिस्ट पेपर्स’मधले कोणते लेख कोणी लिहिले असावेत याचा ते भाषेच्या अंगाने शोध घेत होते, एवढ्या मजकुरात शब्द हुडकायला साधन हवं होतं, आणि त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी ते करून दिलं. विखुरलेल्या ढिगातून नेमकं तेवढं वेगळं काढायचं, ही त्या सगळ्या कामांची जात. गोच्या जोड्या लावण्यातही मला तीच नजर दिसते.

त्यांची कल्पना एका वाक्यात मावते: सगळ्यांना शून्यावर उभं करू नका, प्रत्येकाला त्याच्या श्रेणीइतके गुण आधीच द्या आणि मग स्विस खेळवा. समजा २० क्यूला शून्य दिला. मग १२ क्यूला ८, ५ क्यूला १५, १ क्यूला १९ आणि १ डॅनला २० गुण मिळाले. जिंकलं की एक गुण वाढतो. पहिल्या फेरीत १२ क्यूच्या समोर १२ क्यूच बसतो. त्याने दोन डाव जिंकले तर तो १० गुणांवर जातो, आणि तिथे त्याला एक डाव जिंकलेला ११ क्यू किंवा दोन्ही हरलेला १० क्यू भेटतो. दोघांचे गुण सारखे, म्हणून डाव बरोबरीचा. जोडी थोडी वरखाली लागलीच तर गुणांच्या फरकावरून हँडिकॅप ठरतो, आणि आयोजक त्यातून बहुधा एकदोन खडे कमी करतात. विशेष म्हणजे सवलत आता सकाळी नोंदवलेल्या श्रेणीवरून न ठरता चालू गुणांवरून ठरते. आज जोरात खेळणाऱ्याला त्याच दिवशी वरच्या पायरीचा माणूस म्हणून वागवलं जातं.

शिखरावर मात्र हे जसंच्या तसं चालवलं तर अन्याय होईल. ६ डॅन जर ३ डॅनच्या तीन गुण पुढे निघाला, तर बिचाऱ्या ३ डॅनने विजेतेपदाची आशा कशी धरायची? म्हणून एक रेघ मारतात. तिला बार म्हणतात. समजा ती ३ डॅनवर आखली, तर ३ डॅन आणि त्यावरचे सगळे २२ गुणांवर एकत्र सुरू करतात, आणि त्यांच्यातली स्पर्धा हँडिकॅपविना, शुद्ध स्विस होते. रेघ फार खाली आली तर अनेकजण विजेतेपदाच्या शर्यतीत शिरतात आणि पाच फेऱ्यांत निकाल लागत नाही. फार वर गेली तर एखाद्या लायक खेळाडूचं दार स्पर्धेआधीच बंद होतं. नोंदणीचा कागद समोर घेऊन ही रेघ कुठे मारायची हे ठरवणं, हेच आयोजकाचं खरं कसब.

आणखी एक गोष्ट नवख्याला बोचते. पाचही डाव जिंकलेला १२ क्यू अखेरीस १३ गुणांवर असतो, आणि पाचही हरलेला १ डॅन २० गुणांवर, यादीत त्याच्या वर. यासाठीच युरोपातल्या बऱ्याच स्पर्धांत एकूण क्रमांकाव्यतिरिक्त, किती डाव जिंकले यावरही बक्षिसं देतात. ती यादीतल्या क्रमांकाइतकीच मानाची आहेत असं मी मानतो. गुण सारखे झाले तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज पाहतात: ज्याला तगडे खेळाडू भेटले तो वर. बुद्धिबळात हीच युक्ती ब्रुनो बुखहोल्ट्झ यांच्या नावाने १९३२पासून ओळखली जाते.

युरोपातल्या खुल्या गो स्पर्धांत मॅकमोहन पद्धत इतकी रुळली की ती जणू तिथलीच झाली. आधी कागदाच्या चिठ्ठ्या मांडून लावल्या जाणाऱ्या जोड्या पुढे ओपनगोथासारखे प्रोग्रॅम लावू लागले. १९९२ साली इंटरनेट गो सर्व्हर सुरू झाला आणि खेळ घरोघरी पोचला. ओजीएसवर आज मॅकमोहन स्पर्धेला वरचा बार असतो तसा खालचाही असतो. त्याच्या खालच्या सगळ्यांना एकाच पातळीवर धरतात. जोड्यांचे प्रकारही निवडता येतात. ‘स्ट्रेंग्थ’मध्ये लगतच्या ताकदीचे भिडतात. ‘स्लाइड’मध्ये वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी. ‘स्लॉटर’मध्ये सर्वांत वरचा थेट सर्वांत खालच्याशी, आणि नावाप्रमाणेच त्याचं होतं.

जोड्या लावायच्या तर आधीच्या फेरीतले सगळे डाव संपायला हवेत, म्हणून घड्याळ हा या पद्धतीचा पाठीराखा. मूळ वेळ संपली की जपानी ब्यो-योमी सुरू होतं: समजा ३० सेकंदांचे पाच हप्ते असतील, तर ३० सेकंदांच्या आत खेळी केली की तो हप्ता शाबूत राहतो. कॅनडाच्या पद्धतीत ठरावीक मिनिटांत ठरावीक खडे ठेवायचे असतात. साध्या काट्याच्या घड्याळावर ते सहज जमतं. पण दिवसाला एखादी खेळी करायच्या संथ स्पर्धांत एक डाव महिनोन्महिने चालतो आणि सगळी फेरी त्या एका डावासाठी ताटकळते. त्यावर ओजीएसने ‘सायमल्टेनियस मॅकमोहन’ दिली आहे. तिच्यात एकाच वेळी अनेक डाव सुरू राहतात.

आजोळचा वारसा मात्र जाळ्यावर थोडा पातळ झाला आहे. दोसाकूंच्या काळी श्रेणीमागे गुरू आणि घराणं उभं असे. इथे कालच उघडलेल्या खात्याच्या मागे फक्त एक टोपणनाव असतं. ओजीएस खेळाडूची ताकद ग्लिको-२ या गणिताने ठरवतं, आणि त्या गणितात आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही मोजली जाते. पुरेसे डाव झाले नसतील तर नावापुढे श्रेणीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. एक ५ डॅन जरी १५ क्यू म्हणून आत शिरला, तरी त्याच्या वाटेत आलेल्या पाच जणांची स्पर्धा विस्कटते. म्हणून स्पर्धा मांडताना प्रश्नचिन्हवाल्यांना वगळण्याची सोय आयोजकाला दिलेली आहे. नव्या खेळाडूने आधी श्रेणीचे काही डाव खेळून आपलं प्रश्नचिन्ह घालवावं आणि मग नाव घालावं. म्हणजे पहिल्याच फेरीत त्याला बरोबरीचा माणूस भेटेल.